चाप ओढल्यानंतर

चकमकीची बंदूक उडते तेव्हा पाठोपाठ चार आवाज होतात. घोडा सुटल्याचा खटका, गारेचा दगड पोलादावरून खरवडत गेल्याची खरखर, वाटीतलं रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकल्याचा फस्कारा आणि शेवटी नळीतला बार. बंदूक नीट राखलेली नसली की हे चारही आवाज सुटे सुटे ऐकू येतात. राखलेली असली की ते एकमेकांत असे मिसळतात की बाजूला उभ्या असलेल्या माणसाला एकच धडाका ऐकू यावा. खांद्याला दस्ता लावणाऱ्याला मात्र मधली फट जाणवतेच. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी असेल, चांगल्या बंदुकीत त्याहूनही कमी, पण असते. या बंदुकीची सगळी कारागिरी, सगळी निगा आणि नेमबाजाची सगळी शिस्त त्या फटीपायी आहे. काडतुसाच्या रायफलीत चाप दाबला की माणसाचं काम संपलं. इथे चाप ओढल्यानंतर माणसाची परीक्षा सुरू होते, आणि माझ्या मते या हत्याराचा रस तिथेच आहे.

आमच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर पट्ट्यात जुन्या बंदुकीचा विषय निघाला की लोक भरमार म्हणतात, कोकणात ठासणीची. तोंडाकडून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, हा प्रकार दोन्हींकडे एकच. पण या बहुतेक बंदुका टोपीच्या, म्हणजे शेवटच्या पिढीच्या. तांब्याची बारीक टोपी निपलवर बसवली आणि घोडा आपटला की बार. तिच्या आधीची पिढी चकमकीची आणि तिच्याही आधीची तोड्याची. ही सर्वांत जुनी पिढी आमच्यापासून फार लांब नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची म्हणून जी शस्त्रं जपली आहेत, त्यांत तलवारी, ढाल, धनुष्यं आणि बाणांचा भाता यांच्यासोबत एक तोड्याची बंदूक आहे.

गुरूंचा देह नांदेडला पडला 1708 मध्ये. त्या वेळी चकमकीचा खटका काही नवा राहिला नव्हता. त्याचं श्रेय फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिराला देतात, काळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. म्हणजे जवळपास शंभर वर्षं ही युक्ती जगात होती आणि आपल्याकडच्या बहुतेक बंदूकधाऱ्यांच्या हातात तोडाच होता. याला मागासलेपणा म्हणायची अनेकांना घाई होते. मला ते पटत नाही. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती धुमसत असली की रंजकाला लागणारच. ठिणगी पडली की नाही, हा प्रश्नच नाही. मोडण्यासारखे भाग दोन-तीन, तेही गावच्या लोहाराला जमणारे. नळी लांबलचक, नेम चांगला. चकमकीला मात्र पाणी दिलेली कमान हवी, कडक पोलाद हवं, वरचेवर नवी गार हवी. एकट्या माणसाने झाडाच्या आडोशाला बसून एक नेमकी गोळी मारायची असेल तर तोड्यात वाईट काही नव्हतं.

चकमक जिंकली ती रांगेत. शेजारच्याच्या हातात जळती दोरी आणि आपल्या कमरेला दारूचा तोबरा असताना खांद्याला खांदा लावून कोण उभं राहील? तोडेवाल्यांना अंतर ठेवूनच उभं राहावं लागे. रात्री अंधारात ते निखारे दिसत, पावसात विझत. चकमकीने ही भानगडच मिटवली. आमच्याच मुलखात, उदगीरला, 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं तेव्हा मराठ्यांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच सरदार बुसीच्या तालमीतला माणूस, आधी निजामाच्या पदरी होता तो आता पेशव्यांकडे आलेला. गारद्यांची कवायत, हुकमासरशी एकदम झडणाऱ्या फैरी, हे सगळं चकमकीच्या जिवावर चालणारं तंत्र. पुढल्याच वर्षी पानिपतावर त्याचं काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आता खुद्द खटका जवळून पाहू. नमुना म्हणून मी ईस्ट इंडिया कंपनीची 'इंडिया पॅटर्न' बंदूक घेतो, कारण हिंदुस्थानात सर्वांत जास्त फिरलेली चकमक हीच. नळी 39 इंच, भोक पाऊण इंच, वजन साडेचार किलोच्या आसपास. कंपनीने आपल्या पलटणींसाठी स्वस्तात आणि सुटसुटीत करून घेतलेली ही बंदूक फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर 1790 च्या दशकात खुद्द इंग्लंडच्या सरकारने आपल्या सैन्यासाठी उचलली. दस्त्याला अक्रोडाचं लाकूड, पितळेचे बंद. देखणी म्हणावी अशी नाही. पण उजव्या अंगाची खटक्याची पट्टी पाहत राहावं अशी आहे. कंपनीच्या जुन्या बंदुकांवर या पट्टीवर बदामाच्या आकाराचा शिक्का सापडतो आणि त्यात कंपनीची आद्याक्षरं. 1808 नंतर त्या जागी मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह येतो. सरकारी बंदुकीवर राजाचा मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द.

पट्टीवर पहिली नजर जाते ती घोड्यावर. जुन्या घोड्याची मान हंसासारखी वळलेली, बारीक. हे वळण निव्वळ सुंदर आहे. ते कागदावर रेखाटावंसं वाटतं. पण मान बारीक म्हणजे मोडायची जागा, आणि लढाईत ती मोडे. म्हणून 1809 पासून सैन्याच्या बंदुकीत मान भरीव करून मधे एक गोल भोक ठेवलं गेलं. शिपायाच्या दृष्टीने ती सुधारणाच. मला विचाराल तर त्या दिवशी या बंदुकीने आपली एकुलती एक ऐट गमावली.

घोड्याच्या जबड्यात गार असते, चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून स्क्रूने आवळलेली. चामडं कशाला? दगड आणि लोखंड थेट भिडले तर दगड सरकतो किंवा फुटतो. चामड्यामुळे त्याला बूड मिळतं. गारेच्या समोर उभं असतं पोलादी पान. हेच पान खाली वळून वाटीवर झाकण म्हणून बसतं, आणि एकाच तुकड्याकडून दोन कामं करून घेण्यात या खटक्याची खरी बुद्धी आहे. घोडा सुटला की गारेची धार पानाच्या वरच्या भागावर आदळते आणि खाली खरवडत येते. पान मागे रेटलं जातं, खालची छोटी कमान त्याला शेवटचा धक्का देते, झाकण उघडतं आणि ठिणग्या थेट वाटीत. ठिणगी पाडणारी हालचाल आणि दार उघडणारी हालचाल एकच. झाकण अंमळ लवकर उघडलं तर खरवड अपुरी राहते, उशिरा उघडलं तर ठिणग्या बाहेर सांडतात. घोडा खाली टेकला की गारेची धार वाटीच्या मधोमध रोखलेली दिसली पाहिजे. खटका चांगला की वाईट, हे मी आधी तिथे बघतो.

ठिणगी दगडाची नसते, हे बऱ्याच जणांना नवं वाटतं. ती पोलादाची असते. गार पोलादापेक्षा कडक, म्हणून ती पानाचा बारीक किस काढते. तो किस घासण्याने इतका तापतो की हवेत पेटतो. म्हणूनच पानाचं तोंड कडक केलेलं लागतं. मऊ राहिलं तर गार त्यात रुतून चर पाडते आणि ठिणग्या मरगळतात. फारच कडक झालं तर गार नुसती घसरते.

दगडाच्या बाबतीत आमचा मुलूख गरीब नाही. अस्सल फ्लिंट खडूच्या थरांत मिळतो, इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावचा काळा आणि फ्रान्सचा मधाच्या रंगाचा. आपल्याकडे खडूचे थर नाहीत. पण दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक आणि त्याचे भाऊबंद गोदावरीच्या वाळूत वाहत येतात. याच दगडांची बारीक पाती अश्मयुगातला माणूस पाडत होता, आणि काड्यापेटी येण्याआधी चिलीम पेटवायला माळावरचा धनगर पोलादाची चकमक, गारेचा तुकडा आणि थोडा कापूस हेच बाळगत होता. अकिकाची ठिणगी झकास पडते. पण तो हवा तसा फुटत नाही, धार काढायला हट्टी. पांढरी गारगोटी ठिणगी देते आणि दोन-चार घावांत तिचा चुरा होतो. फ्लिंटचं मोठेपण वेगळं आहे. तो काचेसारखा शंखाकृती कपच्यांत फुटतो आणि बोथट झाला तर धारेवरून हलकेच एक टोला दिला की नवी धार पुढे येते. सैन्यात साधारण वीस बारांना एक गार असा हिशेब धरत. हौशी नेमबाजाने त्याहून आधीच बदलावी; दगडात कंजुषी केली की चुकीचं खापर दारूवर फुटतं.

पानाने आपलं काम केलं, आता वाटी आणि कान. कान म्हणजे नळीच्या बुडाशी आरपार पाडलेलं भोक, दीड-दोन मिलिमीटरचं. तोफांच्या कानांत मेखा मारून त्या निकामी केल्याच्या हकिगती बखरी वाचणाऱ्यांना माहीत असतात. तोच हा अवयव, लहान आकारात. नवखा इथे हमखास एक गोष्ट करतो. जास्त रंजक म्हणजे जास्त खात्री, असं समजून वाटी काठोकाठ भरतो आणि कानही बुजवून टाकतो. त्याने बार लवकर व्हायचा सोडून उशिरा होतो. कानात दारू दाबली गेली की ती वातीसारखी एका टोकाकडून जळत आत जाते. कान मोकळा असला तर वाटीतला भडका उडी मारून आत पोचतो. म्हणून वाटी अर्धीच, तीही बारीक पुडीच्या रंजकाने, आणि कान मोकळा आहे याची बारीक तारेने खात्री. फटीचा अर्धा हिशेब इथे मिटतो.

उरलेला अर्धा माणसाच्या मानेत आणि पापण्यांत असतो. गालापासून वीतभर अंतरावर भडका उडणार आहे हे शरीराला कळतं आणि ते चाप ओढतानाच मागे सरतं. धर्माबादच्या मिरचीच्या आडतीत पोतं उघडायच्या आधीच परगावच्या माणसाचे डोळे मिटतात, तसंच. मेंदूला समजावून ते थांबत नाही, सवयीनेच थांबतं. त्यासाठी जाणते नेमबाज पायऱ्या पाडतात. आधी रिकाम्या बंदुकीत गारेच्या जागी लाकडाचा तुकडा बसवायचा आणि भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून चाप ओढत राहायचं. खटका पडल्यावरही माशी ठिपक्यावरून हलता कामा नये. मग रिकाम्याच नळीवर फक्त रंजक पेटवायचं, डोळ्यांना चष्मा लावून. भडका पाहायची सवय झाली, पापणी शांत राहू लागली, की मग पुरता बार. बार झाल्यावरही मनात दोन मोजेपर्यंत नेम तसाच धरून ठेवायचा. धूर विरल्यावर ठिपका जिथे होता तिथेच दिसला तर गोळी कुठे गेली हे न पाहताही सांगता येतं.

भरण्याची रीत सांगण्याआधी गजाबद्दल. जुनी ठासणीची बंदूक हातात आली, मग ती वाड्यातली असो की बाजारातली, तर पहिल्यांदा गज आत सोडायचा. नळी रिकामी असेल तर तो थेट बुडावर आदळतो आणि लोखंडाचा खणखणीत आवाज येतो. आवाज मऊ आला, किंवा गज कानापर्यंत पोचायच्या आतच अडला, तर आत काहीतरी आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी भरून ठेवलेला बार आत तसाच राहिलेल्या बंदुका जगभर सापडल्या आहेत, आणि कोरडी राहिलेली दारू वयाने म्हातारी होत नाही. भरताना दारू मापाने मोजून नळीत घालायची, दारूच्या शिंगातून थेट कधीच नाही. आत एखादा निखारा राहिला असेल तर शिंगच हातात फुटेल. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासायची. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. रंजक सगळ्यांत शेवटी, आणि तोवर घोडा अर्धाच चढवलेला. अर्ध्या घोड्यावर चाप ओढून बार होत असेल तर ती बंदूक भिंतीवरच बरी. रंजक भडकलं आणि बार झाला नाही तर नळी निशाणाकडेच रोखून मिनिटभर गप्प उभं राहायचं. या बंदुकीत उशीर कधीकधी फारच लांबतो.

बार झाला की बंदूक घाण होते, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण चकमकीच्या बंदुका बारांनी कमी आणि साफसफाईच्या आळसाने जास्त मेल्या. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन राखच होतो; तिच्यातली काही धुरासोबत उडते, उरलेली मागे राहते. ही राख क्षारांची असते. ती हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला वेळ लागेल. पण आषाढ-श्रावणात गोदाकाठी एका रात्रीत नळीला तांबूस लव येते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणजे आधी पाणी, मग तेल. उलट केलं तर राखेवर तेलाचा लेप देऊन आपणच गंजाला घर बांधून देतो. खटका स्क्रू काढून लाकडातून वेगळा करायचा, कान लाकडी काडीने बंद करायचा, नळीत गरम पाणी ओतून चिंधी गुंडाळलेला गज वरखाली करायचा. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि त्याला गंधकाचा, नासक्या अंड्याचा वास असतो. पाणी गरम ठेवण्यात फायदा एवढाच की लोखंड तापतं आणि आपोआप लवकर सुकतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं, कोरडी चिंधी फिरवायची आणि मग तेल.

तेल कुठलं? आमच्याकडे हाताशी असतं करडईचं, आणि जुन्या शेतकऱ्याच्या घरी जवसाचं. दोन्ही तेलं हवेत वाळून चिकट होतात, शेवटी त्यांची सुकलेली साय होते. खटक्यात ती घातली की कमान आणि खाचा गोंदाने धरल्यासारख्या जड होतात. मग चार आवाजांतला पहिलाच आळसावतो. खटक्याला खनिज तेल, तेही थेंबभर. जवसाचं तेल मात्र दस्त्याला द्यावं. तिथे त्याचा वाळण्याचा गुण कामाला येतो, तळहाताने चोळत चोळत पातळ हात द्यायचे आणि लाकूड पाणी प्यायचं बंद होतं. पानाच्या तोंडाला आणि गारेला मात्र तेलाचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही, ठिणगी तिथेच मरते. आणि पुढच्या वेळी भरण्याआधी नळीतलं तेल पुसून काढायचं, नाहीतर दारू भिजते, रंजक भडकतं आणि बार फुसका.

शस्त्र धुण्याचा विषय निघाला की मला दिवाळीच्या सुमारास हजूर साहिबला होणारं तख्तस्नान आठवतं. गोदावरीचं पाणी घागरींनी येतं, तख्त धुतलं जातं आणि शस्त्रांचीही सेवा होते. श्रद्धेच्या विधीतही शस्त्राची निगा इतकी ठसठशीत राहिली आहे, याचं मला कौतुक वाटतं. याउलट खंडेनवमीला कित्येक वाड्यांत जुन्या बंदुकीच्या घोड्यावर ओलं हळद-कुंकू लावतात, फुलं वाहतात आणि ते सगळं पुढच्या खंडेनवमीपर्यंत तसंच राहतं. पूजा अवश्य करा. पण दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आलात की कोरड्या फडक्याने पट्टी पुसा आणि तेलाचा एक हात फिरवा.

आता ज्याला खरंच नेम धरायचा आहे त्याच्यासाठी. 1959 च्या शस्त्र कायद्याने तोंडाकडून भरायच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि जुनी म्हणून सूट मिळते ती दुरुस्तीनंतरही उडू शकणार नाही अशा बंदुकीलाच. दारूला स्फोटकांचे नियम वेगळे. म्हणजे रस्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो. आणि परवाना मिळाला तरी आजोबांच्या काळातल्या नळीत बार भरू नये. लोखंडाच्या आत काय कुजलंय ते डोळ्याला दिसत नाही.

बहुतेकांना ही बंदूक काचेपलीकडेच भेटणार, आणि तिथेही वाचायला पुष्कळ असतं. धर्माबादहून गाडीने हैदराबाद जवळ पडतं, तिथे सालारजंग संग्रहालयाचा शस्त्रांचा विभाग आहे. पुण्यात केळकर संग्रहालय. चकमकीची बंदूक समोर आली की आधी पोलादी पानाचं तोंड बघावं. त्यावर उभे ओरखडे नसतील तर ती मिरवायचीच होती. मग कान: भोक मोठं आणि कडा झिजलेल्या दिसल्या तर तिने पुष्कळ बार पाहिले आहेत. आणि कान दिसतच नसेल, त्या जागी आडवा गट्टू बसवून त्यावर निपल उभं असेल, तर पट्टी नीट न्याहाळावी. टोपी आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, अशा कितीतरी बंदुका बदलून घेतल्या गेल्या. पान आणि छोटी कमान काढून टाकली, वाटी कापली, घोडा नवा बसवला. पण त्या कमानीच्या स्क्रूचं भोक बुजवलेलं असतं, आणि प्रकाश तिरपा पडला की पट्टीवर ते गोल डागासारखं दिसतं.